शंका असेल तर 'नाही'

प्रिय ठमाबाई,

डोळ्याचं ऑपरेशन कधी, हा तुझा प्रश्न मी सहा महिने फोनवर टोलवतेय. मोतीबिंदू पिकलाय, डॉक्टर रागावले, सगळं मान्य. पण मी आठ दिवस पडून राहिले तर छापखाना कोण बघणार? तुझे बाबा? त्यांना स्वतःचा चष्मा सापडत नाही! असो. आधी कॉम्प्युटरची गंमत ऐक.

दुकानातल्या म्हाताऱ्या मशीनचा कर्नल, म्हणजे सगळी यंत्रणा हाकणारा गाभ्याचा प्रोग्राम, मी स्वतः बांधला, हे तुला दहादा ऐकवलंय. गेल्या महिन्यात वीस वर्षांची पुस्तकं जुन्या हार्ड डिस्कवरून नव्या डिस्कवर उतरवायला घेतली, तर सेकंदाला जेमतेम तीन मेगाबाइट! आणि तोवर दुसरं काही करायची सोय नाही. एक अक्षर टाइप करावं नि ते उमटेपर्यंत जांभई देऊन घ्यावी. मी केबल बदलली, डिस्कला शिव्या घातल्या, बाबांनाही उगाच बोलून घेतलं. शेवटी पाहते तर डीएमए बंद! डिस्कवरचा मजकूर खरं तर थेट मेमरीत जायला हवा, तर बिचारा प्रोसेसर तो कणाकणानं स्वतः वाहून नेत होता. नुसतं काम सांगायचं, झालं की निरोप घ्यायचा, ते सोडून हमाली.

बंद कुणी केलं? अस्मादिकांनी! कर्नल बांधताना शेकडो प्रश्न येतात आणि बऱ्याच प्रश्नांखाली सल्ला असतो, शंका असेल तर 'नाही' म्हणा. डिस्क कंट्रोलरचा ड्रायव्हर, म्हणजे डिस्क सांभाळणाऱ्या चिपला चालवणारा प्रोग्राम, हवा का, यावर मला शंका होती. ठोकलं 'नाही', आणि त्याबरोबर डीएमएही गेलं. बाबा पोट धरधरून हसले. म्हणाले, तू जन्मभर हेच करत आलीस. अस्सा राग आला म्हणून सांगू!

चुकीचा ड्रायव्हर लागला तर मजकुराचं वाटोळं, म्हणून बोर्डावरचा कंट्रोलरचा नंबर भिंग धरून वाचला. मी म्हटलं आठ. आपल्या बाइंडरताई शेजारी होत्या, त्या म्हणाल्या तीन. तीनच होता. छापखान्यात शेवटचं मुद्रित तपासणारी मी, आणि मला आठ नि तीन कळेना! मग ताईंनी चाचरत कबूल केलं, की चार महिने माझ्या हातून सुटलेल्या चुका त्याच दुरुस्त करून पानं छपाईला सोडताहेत. मला वाईट वाटू नये म्हणून बोलल्या नाहीत. वाईट वाटलंच गं. पण घरी येऊन खूप हलकंही वाटलं.

डीएमए सुरू झालं. आता सेकंदाला अठ्ठावीस, आणि टाइप करताना अडखळणं नाही.

अक्षर बाबांचं आहे, हे तू पहिल्याच ओळीत ओळखलं असशील. घाबरू नकोस, काल ऑपरेशन झालं, छान झालं. डोळ्यावर पट्टी आहे, मी आडवी पडून सांगतेय आणि ते लिहिताहेत. मधूनच हसतात, म्हणजे स्वतःचं काहीतरी घुसडताहेत. घुसडू देत. हे पत्र मी न तपासता पाठवतेय.

तुझीच, पडल्या पडल्या हुकूम सोडणारी,
आई