लाल टिकलीची मशीन

मी राजलक्ष्मी, कैलासवासी जयसिंगराव माने यांची पत्नी, वय चौपन्न, धंदा हत्यारं-मशीनचं दुकान, राहणार के. आर. पुरम, बेंगळूर, आज पूर्ण शुद्धीत, कोणी भरीला न घालता, आपल्या मनाने आणि आपल्या हाताने हे मृत्युपत्र लिहिते. याआधी दुसरं केलेलं नाही.

माझं शिक्षण चौथी. माहेर खानापूरकडचं, तिथे मराठी शाळा होती, म्हणून मराठीत लिहिते. भीमाचार्य वकील म्हणाले, कन्नडात करू या. मी म्हटलं, ज्याच्याखाली सही करायची ते मला वाचता आलं पाहिजे. तर्जुमा ते जोडतील. येत्या बुधवारी माझं पोटाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, काही होत नाही. डॉक्टरांना काय, पोट माझं आहे.

कलम १. राहतं घर माझ्या नावावर आहे, ते मुलगा गिरीराज याला. मागचं कडीपत्त्याचं झाड तोडून त्याने गाडी लावायला जागा करायची नाही. तो इंदिरानगरला भाड्याने राहतो आणि इथे आला की त्या झाडाकडे डोळ्यांनी माप घेत बघतो. मला दिसतं.

कलम २. चार बांगड्या आणि मोहनमाळ सून सौम्या हिला. पहिली पाच वर्षं मी तिला फार बोलले. स्वयंपाकावरून बोलले ते परत घेते. फोनवरून बोलले ते परत घेत नाही.

कलम ३. दीर रणजीतराव यांना दुकानातली एक नवी तुंगा ड्रिल मशीन, डब्यासकट. ती त्यांनी कपाटात न ठेवता स्वतःच्या हाताने भिंतीत चालवावी. असं का, ते पुढे कळेल.

कलम ४. दुकान. हे नीट सांगायला हवं, कारण सगळं इथेच आहे.

आमचं दुकान चाललं तुंगा मशीनवर. कारखाना इथल्याच पीण्या औद्योगिक वसाहतीत. तिथले म्हातारे मालक दर दसऱ्याआधी स्वतः यायचे, स्टुलावर बसून कॉफी घ्यायचे आणि नवऱ्याला एकच विचारायचे, "जयसिंगराव, काय तुटून येतंय?" नवरा सांगायचा, मोटरचा कार्बन लवकर झिजतो, वायर मुळाशी चिरते. पुढच्या मालात ते सुधारलेलं असायचं.

तरी नवरा प्रत्येक मशीन विकण्याआधी उघडायचा. गिअरचे दाते बघायचा, ग्रीस बघायचा, बटण वीस वेळा दाबायचा, आणि सगळं ठीक असलं की मागच्या स्क्रूवर लाल टिकली लावायचा. लग्नात माझ्याकडे नेलपॉलिशची एक बाटली होती, ती त्याने यातच संपवली. नंतर दुकानासाठी वेगळी आणायला लागलो. गिऱ्हाईक डबा उघडून आधी टिकली बघायचं. कन्नड माणसं विचारायची, "अक्का, बोट्टू इदेया?" टिकली आहे का? आहे म्हटलं की पुढे काही विचारायची नाहीत.

नवरा गेल्यावर हे काम मी करू लागले. मशीन उघडायला शाळा लागत नाही.

पुढच्याच वर्षी म्हाताऱ्या मालकांनी कारखाना बाहेरच्या एका मोठ्या कंपनीला विकला. नाव तेच, हिरवा रंग तोच, डब्यावरचं नदीचं चित्रसुद्धा तेच. नव्या मालकांचा माणूस टाय लावून आला. काय तुटून येतंय, हे त्याने विचारलं नाही. महिन्याला किती खपतात, ते विचारलं.

नव्या मालातला पहिला लोखंड कापायचा ग्राइंडर मी उचलला आणि हातालाच कळलं, हलका आहे. उघडला. पूर्वी दाते पोलादातून कापलेले असायचे, आता दाबून काढलेले, कडा बोथट. बेअरिंगच्या जागी नुसता बुश, म्हणजे साधी नळी. आणि बटण. जुन्या मशीनचं बटण, बोट काढलं की, टक्कन मागे यायचं. हे रेंगाळत यायचं. लोखंडाचा भुगा आत गेला की हे अडकणार, हे मला त्याच मिनिटाला कळलं. हे वाक्य मी तीन वेळा खोडलं आणि तीन वेळा परत लिहिलं. मला कळलं होतं.

रणजीतराव तेव्हा तुंगाच्या वितरकाकडे कामाला होते. त्यांना बोलावून दाखवलं. ते हसून म्हणाले, "वहिनी, ब्रँड तोच आहे. तुम्ही चौथी शिकलेल्या, त्यांच्याकडे इंजिनियर आहेत." मला इतका राग आला की मी गप्पच बसले. माझी सगळी हयात तडातडा बोलण्यात गेली. एकदाच गप्प बसले ते तिथे.

पण टिकली रणजीतरावांनी लावलेली नाही. बाटली माझ्या हातात होती.

आयुधपूजेला आठ दिवस होते. इथे प्रत्येक कारागिराला पूजेत मांडायला नवी मशीन हवी असते. दुकानात उभं राहायला जागा नाही, आणि टिकलीशिवाय कोणी घेईना. मी अकरा ग्राइंडर ओळीने मांडले आणि एकही न उघडता अकरा टिकल्या लावल्या. उघडले असते तर लावता आल्या नसत्या, म्हणून उघडले नाहीत.

त्यातला एक महांतेशने नेला. महांतेश बैलहोंगलचा, गेट आणि ग्रिलचं काम करायचा. माझ्याशी मराठी बोलतो, आमच्या गावाकडच्यासारखी. त्याच्या गेटला जोडलेला सांधा शोधून सापडायचा नाही. त्याने ग्राइंडर पूजेत ठेवला, झेंडूची माळ घातली, मला प्रसादाची पुरी आणून दिली. संक्रांतीच्या आत बटण अडकलं. त्याने बोट काढलं, मशीन थांबली समजून डाव्या हाताने पत्रा उचलायला गेला. दोन बोटं गेली, तिसरं वळत नाही.

मी दवाखान्यात गेले. तो म्हणाला, "अक्का, टिकलीची मशीन होती. मशीनला काय बोलायचं? माझंच लक्ष नव्हतं."

यावर मी काय म्हणाले ते इथे लिहिते, म्हणजे माझ्या मागे कोणी मला चांगली म्हणणार नाही. मी म्हणाले, "लक्ष ठेवायला पाहिजे की रे. मशीन काय आई आहे का तुझी, सांभाळून घ्यायला?"

तो "सरी अक्का" म्हणाला, म्हणजे बरं अक्का.

मशीन दुरुस्तीला माझ्याकडेच आली. बटण भुग्याने अडकलेलं होतं. मी ते बदललं, कोणाला बोलले नाही, आणि जुनं बटण हळदीच्या रिकाम्या डब्यात टाकून ठेवलं. बाकीच्या दहा मशीन परत मागवायला हव्या होत्या. मागवल्या असत्या तर का मागवल्या ते सांगावं लागलं असतं. तुंगाचे ग्राइंडर विकणं बंद केलं, एवढंच केलं.

महांतेश आता जे. पी. नगरला एका अपार्टमेंटमध्ये वॉचमन आहे. दुसऱ्या कोणी बनवलेलं गेट दिवसभर उघडतो आणि लावतो. सात वर्षं भेटेल त्याला सांगतो की माझ्या निष्काळजीपणाने बोटं गेली. त्याची मुलगी रक्षिता हिचा हात बापासारखाच आहे, पण तो तिला मशीनला हात लावू देत नाही. म्हणतो, आमच्या रक्तातच लक्ष नाही. ती दर रविवारी बापाला न सांगता माझ्याकडे येते आणि मशीन उघडायला शिकते. ती मला "मिस" म्हणते. चौथी शिकलेल्या बाईला.

कलम ५. या कलमात मी आधी असं लिहिलं होतं की माझ्या मरणानंतर वरचा मजकूर महांतेशला वाचून दाखवावा. ते रद्द केलं आहे. भीमाचार्यांनी ते वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "अक्का, तुम्ही गेल्यावर त्या माणसाने रागवायचं कोणावर? फोटोवर?"

म्हणून काल महांतेशला बोलावलं. तो ड्युटीच्या निळ्या कपड्यांतच आला. मी कलम चार पहिल्या शब्दापासून वाचलं. मध्ये पाणी प्यायला थांबले नाही, थांबले असते तर पुढे वाचलं नसतं. मग हळदीचा डबा त्याच्यासमोर ठेवला.

त्याने बटण उजव्या हातात घेतलं आणि अंगठ्याने दाबलं. ते मागे आलं नाही. नखाने मागे ओढलं, परत दाबलं. असं कितीतरी वेळ चाललं. मी म्हटलं, "महांतेश, शिव्या दे. काहीतरी बोल."

तो म्हणाला, "रक्षिताला मी सात वर्षं खोटं सांगितलं, अक्का."

"तू नाही, मी."

"तोंड माझं होतं." मग त्याने विचारलं, "त्या ओळीत किती होत्या?"

"अकरा."

"बाकीच्या दहा कुणाकडे आहेत?"

मला वाटलं होतं तो बोटांबद्दल विचारेल. माफ केलं, असं तो म्हणाला नाही, आणि मीही विचारलं नाही. सहा जणांची नावं मला आठवली, एक त्याला माहीत होतं. आज सकाळी आम्ही दोघं रिक्षाने फिरलो. चार मशीन परत आणल्या. एकाचं बटण आजही अडकत होतं. तो मुलगा म्हणाला, चालतं की अक्का, स्वल्प ठोकलं की सुटतं. महांतेशने त्याला आपला डावा हात दाखवला. मी काय ते सांगितलं. तो मुलगा मला जे बोलला ते इथे लिहीत नाही, पण ते बरोबर होतं.

सहा राहिल्या आहेत. बुधवारपर्यंत जमेल तेवढ्या मी शोधीन. उरतील त्या गिरीराजने शोधायच्या, दुकानाच्या दारावर माझं नाव आणि कारण लिहून. ते केल्याशिवाय त्याने घरात राहायला यायचं नाही.

कलम ६. दुकान, पाटी, जागेचा करार, आणि नवऱ्याचा जुना तुंगा ग्राइंडर, जो अजून टक्कन थांबतो, हे सगळं रक्षिता महांतेश हिला. मी आधी महांतेशला देत होते. तो म्हणाला, "मला नको. तिला विचारा." विचारलं. बाप समोर उभा असताना ती हो म्हणाली, आणि त्याने तिला अडवलं नाही.

कलम ७. नेलपॉलिशची बाटली दुकानाबरोबर रक्षिताला. नाव कुठलंही असो, मालक कोणीही होवो, ज्याने मशीन उघडली त्यानेच टिकली लावायची. अट एवढीच.

या मृत्युपत्राची सगळी पानं मी स्वतः उघडून, आतून बाहेरून तपासून, शेवटच्या ओळीपर्यंत वाचली, आणि मगच खाली सही केली.

सही: राजलक्ष्मी जयसिंगराव माने

साक्षीदार, ज्यांच्यासमोर ही सही झाली:
१. भीमाचार्य, वकील
२. वीणा कुलकर्णी, शेजारचं शिवणाचं दुकान

ठिकाण: के. आर. पुरम, बेंगळूर
तारीख: १५ नोव्हेंबर २०२५, शनिवार