मिश्रीचा रकाना

आई, तुलाच का झालं? दादांनी हे तेव्हा विचारलं, आजीने विचारलं, भेटायला येणाऱ्या प्रत्येक बाईने विचारलं, आणि मला अजून त्याचं उत्तर देता येत नाही. खरं तर मी आता याच कामाचं शिक्षण घेते आहे. आपल्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली, आणि ते संपवून पुन्हा पुण्याला शिकायला गेलेलीही पहिली. सार्वजनिक आरोग्य म्हणतात त्या अभ्यासाला. त्यात जीवसांख्यिकी नावाचा एक विषय असतो. आजार कोणाला जास्त होतो, कोणाला कमी, कशामुळे, हे माणसं मोजून शोधायचं, एवढाच त्याचा अर्थ. मला वाटलं होतं, हा विषय आला की तुझंही उत्तर येईल. पण मॅडमनी सुरुवातीलाच सांगितलं की हे शास्त्र शंभर बायांबद्दल बोलतं, एका बाईबद्दल नाही. मिश्री लावणाऱ्या शंभर आणि न लावणाऱ्या शंभर घेतल्या, तर कोणत्या गटात तोंडाचा आजार जास्त निघेल ते सांगता येतं. त्या गटातली नेमकी कोणती बाई, ते सांगता येत नाही. वर्गातल्या सगळ्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. मी पेन खाली ठेवून बसले होते.

तुझी सकाळ मला आधी वासाने आठवते. चुलीवर तवा तापलाय. तू तंबाखूची पानं त्यावर चुरते आहेस, काळी पडेपर्यंत उलथन्याने हलवते आहेस, आणि घरभर धूर झालाय. मी खोकते. ‘जा भाईर, नाकात जाईल,’ तू म्हणतेस आणि स्वतः मात्र तिथेच बसून राहतेस. मग ती काळी पूड पावडरच्या जुन्या डबीत भरायची, आणि तू, काकी, वरच्या आळीतल्या एकदोघी पायरीवर बसून हिरड्यांवरून बोट फिरवायच्या. ‘च्या नसला तरी चालंल, पर मिश्रीबिगर माझं डोळं उघडत न्हाईत,’ असं तू म्हणायचीस. काकी लगेच म्हणायची, ‘उघडून तरी काय बघायचंय आक्का, तीच कांद्याची रानं.’ तुम्ही हसायचात ते तोंड मिटून, लाळ ओघळू नये म्हणून. दिवसभरात तू टेकून बसलीस अशी तेवढीच वेळ असायची, म्हणून मला ती प्यारी होती. तिकडून दादा चंची काढून चुना मळायला लागले की तू आपल्या नवऱ्याला सुनवायचीस, ‘टाका ती तंबाखू. दात किडलं, आता काय जीव द्यायचाय का?’ तुझं बोट तेव्हा काळंच असायचं. त्यात काही गंमत आहे असं कोणालाच वाटायचं नाही. तंबाखू ती दादांची, आणि मिश्री दातांसाठी.

मग तू खर्डा बाजूला सारायला लागलीस. आधी नुसतं तिखट लागतं म्हणालीस, मग भाकरी दुधात कुस्करून खायला लागलीस. गालाच्या आत जिथे दुखायचं तिथेच तू मिश्री दाबून धरायचीस, कारण त्याने तेवढ्यापुरतं बधिर व्हायचं. मंचरच्या डॉक्टरांनी आत बॅटरी मारून बघितलं आणि दादांना बाहेर बोलावलं. पुण्यात कॅन्सर निघाला आणि तुझा अर्धा जबडा काढला. घरी आलीस तेव्हापासून पदर नाकापर्यंत ओढलेला असायचा, आणि नळीतून पेज घालताना मी खोलीत आलेली तुला चालायची नाही. एकदा मी दारात उभी राहून बघत होते. तुला धड बोलता येत नव्हतं, तरी मला कळलं. ‘माझ्याकडं नगं बघू. पुस्तकात बघ.’ तुझं मला रागावणं ते शेवटचं. मी नववीत होते. दहावीच्या परीक्षेला वेण्या घालून द्यायला काकी होती.

गेल्या हिवाळ्यात मी प्रबंधासाठी घरोघर फिरले, शिनोलीकडच्या गावांत आणि निरगुडसरच्या बाजूला. बायकांच्या तोंडात पांढरे चट्टे किंवा न भरणाऱ्या जखमा आहेत का ते बघायचं, आणि त्यांना तंबाखूची सवय आहे का ते विचारायचं. सोबत दातांची एक तरुण डॉक्टर होती. तोंड ती तपासायची, प्रश्न मी विचारायचे. कोणती घरं घ्यायची ते आम्ही मनाने ठरवलं नाही. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा व्यापारी वरचं क्रेट कधीच बघायचा नाही, आठवतं? तू लाल, टणक फळं वरच्या क्रेटला लावायचीस आणि तो नेमकं मधलं ओढून पालथं करायचा. ‘मेल्याला सगळं कळतंय,’ म्हणत तू घरी यायचीस. नमुना निवडायचा म्हणजे तेच काम, आई. रस्त्याकडेची, चहा पाजणारी घरं तेवढी घेतली की वरचं क्रेट बघितल्यासारखं होतं. म्हणून चिठ्ठ्या टाकून घरं काढली, आणि ओढ्यापलीकडचं निघालं तर तिथेही चिखल तुडवत गेलो. त्या कामाचा मला फार अभिमान वाटत होता.

प्रश्न इंग्रजीतून मराठीत मीच आणले होते. ‘तुम्ही तंबाखूचे सेवन करता का?’ असं लिहिलं आणि शुद्धलेखन तपासून घेतलं. बाया म्हणायच्या, ‘आमी न्हाई बाई. गडीमाणसं खात्यात ती.’ एक म्हातारी तर डॉक्टरच्या मांडीवर थाप मारून म्हणाली, ‘अगं तंबाखू खाल्ली असती तर सासूनं घरात ठिवलं असतं का मला?’ सगळ्या हसल्या, मीही हसले. तिचं काळं बोट मी बघितलं होतं. पण उत्तर देणारी जे सांगेल तेच लिहायचं, आपलं त्यात घालायचं नाही, असा नियम शिकवलेला असतो, आणि तो चांगला नियम आहे. मी ‘नाही’च्या रकान्यात खूण केली. नियम नसता तरी तिथेच केली असती असं आता वाटतं. मीही त्याच पायरीवर वाढले. माझ्याही डोक्यात तंबाखू म्हणजे दादांची चंची.

आकडे कॉम्प्युटरवर घातले तर ‘हो’ म्हणणाऱ्या मोजक्या बाया आणि ‘नाही’ म्हणणाऱ्या बाकीच्या, दोन्ही गटांत चट्ट्यांचं प्रमाण जवळपास सारखं. जो थोडा फरक दिसत होता तो नुसत्या योगायोगानेही पडला असता, इतकाच. बायकांमध्ये तंबाखूचा आणि तोंडाच्या आजाराचा संबंध आढळला नाही, असं मी शेवटच्या प्रकरणात लिहिलं. तो निष्कर्ष कपाटात पडून राहणार नव्हता. तालुक्यात तपासणीची शिबिरं घेणारी एक संस्था आहे. पदवी हातात आली की मला तिथेच समन्वयक म्हणून घेणार होते, दादांनी ते सगळ्या आळीला सांगूनही टाकलं होतं. तिथल्या साहेबांना मी निष्कर्ष फोनवर कळवला. ‘बरं झालं सांगितलंत. मग औंदा पुरुषांचीच शिबिरं लावू, बायकांचं पुढं बघता येईल,’ ते म्हणाले. मी बरं म्हणाले.

प्रबंध मॅडमकडे देऊन मी गावी आले. काकीने माझ्यासाठी भाकऱ्या थापल्या, पावट्याची आमटी केली, खर्डा केला. समोर बसून ती स्वतः भाकरी दुधात कुस्करत होती.

‘काकी, खर्डा घे की.’

‘नगं बाई. आताशा लई झोंबतंय.’

मी ताट बाजूला सारलं. कधीपासून विचारलं तर म्हणाली, ‘उष्णता हाय, व्हईल बरं. मिश्री दाबून धरली की थांबतंय.’ मी तोंड उघड म्हटलं. ‘आधी जेव. शिकून आली आन् मला ताटावरनं उठवती.’ मी ऐकेना तशी ती चिडली. ‘तुझी आजी मरस्तवर मिश्री लावायची. तिला झालं का काय?’ मी म्हटलं, नाही झालं. ‘मग?’ मग काय सांगणार होते, आई? मी म्हटलं, ‘काकी, बिबट्या सगळ्यांच्याच उसात हिंडतो, धरतो एखाद्यालाच. म्हणून अंधारात पाणी द्यायला तू काकांना एकटं सोडतेस का?’ मग चुलीकडे तोंड करून तिने ते उघडलं. मी मोबाइलचा उजेड धरला. मला डॉक्टर असण्याची गरज नव्हती. आपल्या घरात असा चट्टा मी आधी पाहिलेला आहे.

तिला विचारलं, ‘तंबाखू खातेस का?’ काकीने माझ्याकडे वेड्यासारखं बघितलं. ‘न्हाई गं. म्या कशाला खातीय?’

तेव्हा मला माझा निष्कर्ष कळला. दोन जातींचं बटाट्याचं बेणं लावलं आणि अर्ध्या वाफ्यांच्या पाट्याच चुकल्या, तर कोणतं बेणं जास्त सडलं हे कसं कळणार? सड दोन्हीकडे सारखीच दिसेल, आणि बघणारा म्हणेल, बेण्यात फरक नाही. फरक होता, तो पाट्यांनी पुसला. आमच्या ‘नाही’च्या रकान्यात मिश्री लावणाऱ्या आणि न लावणाऱ्या एकत्र बसल्या होत्या. शास्त्रात याला नाव आहे, परीक्षेत मी त्यावर टीप लिहिली होती आणि पूर्ण गुण मिळवले होते. एकही बाई खोटं बोलली नव्हती. आणि त्या खऱ्या उत्तरांवरून ठरत होतं की काकीसारखीचं तोंड यंदा कोणी बघायचं नाही.

काकीला मंचरला दाखवलं, तिथून पुण्याला. तुकडा काढून तपासला आणि जे निघायचं तेच निघालं. लवकर आलात असं म्हणत नाही, पण उशीरही म्हणणार नाही, असं डॉक्टर बोलले. काकीने विचारलं, ‘आक्कासारखं कापनार का?’ डॉक्टरांना आक्का कोण ते कळलं नाही. मी म्हटलं, थोडंच. ते थोडं किती हे मला माहीत नाही, त्यांनाही अजून नाही.

मॅडम वाईट नाहीत. मी सांगितल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि शांतपणे म्हणाल्या, ‘तू नियमाप्रमाणे केलंस. मर्यादांच्या प्रकरणात एक वाक्य घाल आणि सबमिट कर. पुन्हा घरोघर विचारायचं तर तुझं वर्ष जाईल, नोकरी जाईल. घरची परिस्थिती मला माहीत आहे.’ मी विचारलं, ते एक वाक्य शिबिरवाले वाचतील का? त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मी टेबलावरून प्रबंध उचलला. दारापर्यंत आले तेव्हा त्या म्हणाल्या, ‘जुनी उत्तरं फेकू नकोस. नव्या शेजारी ठेव. चुकीच्या प्रश्नाने किती बायका लपल्या, ते तरी मोजता येईल.’

मी पुन्हा पहिल्या घरापासून सुरू केलं आहे. त्या म्हातारीकडे गेले तर ती म्हणाली, ‘आता काय ऱ्हायलं गं बाई?’ मी विचारलं, ‘आजी, दात कशानं घासता?’ तिने कमरेची डबी काढून माझ्यापुढे धरली. ‘मिश्रीनं. आनि कशानं घासत्यात?’ दिवसातनं किती वेळा, कधीपासून, सगळं सांगितलं, लग्नाआधी तिच्या आईनेच बोट धरून लावायला शिकवलं तेही. काही लपवायचं तिच्या मनातच नव्हतं. नव्या रकान्यात मी पहिली खूण केली, आणि आई, मला आनंद झाला. त्या बाईच्या गालात चट्टा आहे, तिला काय होऊ शकतं ते मी दोनदा जवळून पाहिलं आहे, आणि तरी तिने ‘मिश्री’ म्हटल्यावर आकडा आता बरोबर येणार म्हणून मला आनंद झाला. त्या दातांच्या डॉक्टरला मी हे सांगितलं नाही. कोणालाच सांगता येणार नाही, म्हणून तुला लिहिते आहे, जिथे हे पोचायचं नाही तिथे.

सोमवारी मी संस्थेत गेले होते. साहेबांना समोर बसून सांगितलं की मी कळवलेला निष्कर्ष चुकीचा आहे, त्यावर बायकांची शिबिरं थांबवू नका, आणि पदवी यंदा होणार नाही तेव्हा माझी जागा दुसऱ्या कोणाला द्या. तिथून घरी जाऊन दादांनाही सांगून आले.