पाच मिलींची एक मोटार

१८ ऑगस्ट, सोमवार
नाल्याचं पाणी उतरलं. मिलमध्ये गुडघाभर चिखल. धानाची पोती फळ्यांवर उंच रचली होती म्हणून वाचली — महादेवाची कृपा! पण मिल फिरवणारी विजेची मोटार गेली. रात्रभर खड्ड्यात बुडून होती. यांनी तिला हात लावला आणि तिथंच चिखलात मांडी घालून बसले.
शेवटचा श्रावण सोमवार. माझा उपास होता. यांनाही घडला.
सरकारी धान भरडून पंधरा सप्टेंबरपर्यंत तांदूळ पोचवायचा आहे. नाही पोचला तर पुढच्या हंगामात धान मिळणार नाही. धान नाही तर मिल कशाला? कुलूप लावा.

१९ ऑगस्ट
मोटार नागपूरला गेली, नव्यानं वाइंडिंग करायला. ताडपत्रीत गुंडाळून, दोरीनं करकचून बांधून, उजाडायच्या आत नेली. मी म्हटलं, "एवढी काय बांधता? मेलेलं माणूस हाये का?" हसले नाहीत.
कारागीर म्हणतो महिना लागेल. पुरात सगळ्यांच्याच मोटारी गेल्या.
लागू दे. आपली सामाईक मोटार आहे ना!

२० ऑगस्ट
चैत्रात भंडाऱ्याला मिलवाल्यांचं शिबिर झालं होतं — संकटात धंदा कसा तगवायचा. कोणी साहेब आले होते, पडद्यावर चित्रं दाखवली. म्हणाले, एकट्यानं तराल असं समजू नका, आधीच एकमेकांना बांधून घ्या. हे भारावून आले होते. मग तुमसरच्या आमच्या पाच मिलवाल्यांनी ठरवलं. पाचांत मिळून एक जादा मोटार घ्यायची. ज्याची मोटार बसेल, म्हणजे बंद पडेल, त्यानं ती न्यायची, आणि जोडून होईपर्यंत बाकी चौघांनी त्याचं धान भरडून द्यायचं. मोटार ठेवली बाबुलालभाऊंकडे. त्यांची मिल रस्त्यापलीकडे, उंचावर.
अक्षय तृतीयेला पाची मिलींचा तांदूळ एकत्र करून भात मीच रांधला होता. सगळे एका पंगतीत जेवले. उरलेला तांदूळ पितळी गडूत घालून माझ्या देवघरात ठेवला. बाबुलालभाऊ गडूवर हात ठेवून म्हणाले, "वहिनी, याची शपथ हाये."
आज यांना विचारलं, मोटार कधी आणता?
"मांगतली. बाबुलाल म्हणते, पाहू."
पाहू! रस्ता ओलांडून मोटार द्यायची, त्यात पाहायचं काय?

२२ ऑगस्ट, पोळा
हमालांना सुट्टी दिली, महालक्ष्म्या होईपर्यंत. लाखांदूरकडचे आहेत, एसटीनं गेले. इतकी लांब सुट्टी आजवर कधी दिली नाही. "बसल्या बसल्या मजुरी द्यू का?" हे म्हणाले. खरं आहे.
हे मात्र फाटक आतून लावून दिवसभर चाळणीपुरत्या छोट्या डिझेल इंजिनावर रिकामी चाळणी फिरवत असतात. ओलीनं पट्टे आखडतात म्हणे. खडखड, खडखड — धानाचा दाणा नाही आणि डिझेल जळतंय! मी चहातली साखर कमी केली, काडेपेटीतली काडी जपून वापरते. बोलले तर — "तुले मशीनचं काय समजते?"

२४ ऑगस्ट
"इश्वरभाऊ काय म्हणतात?"
"जागा नाही म्हणे त्याच्याकडे."
बाकीचे दोघं?
"फोनच उचलत नाहीत."
इश्वर! जेठात त्याची मोटार बसली तेव्हा चौघांनी त्याचं धान भरडून दिलं. यांनी तर जेवण मिलमध्येच मागवलं होतं. थट्टाही यांनीच केली म्हणा — "बसकी मिल" हे नाव यांनीच पाडलं. सगळे हसले, इश्वरही हसला. ते नाव असं चिकटलं की आता व्यापारीसुद्धा "बसकी मिल ना?" म्हणतात आणि आपलं धान दुसरीकडे नेतात. पण थट्टेचा राग इतका धरावा? उपकार विसरावे?

२५ ऑगस्ट
मारुतीच्या देवळात गिरजाबाई दिसली, बाबुलालभाऊंची बायको. हात वर केला तिनं. मी चपला घातल्या आणि चालू लागले. देवा, तुझ्या दारात तोंड फिरवलं, क्षमा कर.

२७ ऑगस्ट, गणपती
मूर्ती वीतभर. सजावट नाही. चौघांपैकी कोणालाही यांनी आरतीला बोलावलं नाही. दरवर्षी स्वतः घरोघर सांगून येतात. बरं केलं!

२९ ऑगस्ट
गडू रिकामा केला. शपथेचा तांदूळ अंगणात टाकला. शेजारच्या कोंबड्यांनी खाल्ला. तेवढाच कोणाच्या तरी कामी आला.

१ सप्टेंबर, महालक्ष्म्या
गिरजाबाई आली. न बोलावता! सवाष्ण दारात उभी, परत कशी पाठवू? कुंकू लावलं. तीच बोलली.
"काहून वं, माह्यावर फुगली का?"
मी म्हटलं, आमची मिल पाण्यात गेली अन् तुम्हाला—
मला पुरतं बोलूच दिलं नाही. "अवं, तुमच्या मिलीचंच तर गुण गाऊन राहिलो आमी! एवढं पाणी आलं, पन एक दिस थांबली नाही. आमचे हे रोज सकाळी म्हणतात, ऐक, केवळरामची मिल चालू हाये. दोनदा फोन केला त्याइनं, मोटार पाठवू का म्हणून. केवळरामभाऊ म्हणाले, पाणी फाटकापावतरच आलं, दुसऱ्या कोणाले लागंल तं द्या."
बाहेर चाळणी खडखडत होती. ती कान देऊन ऐकत होती, कौतुकानं.
मी म्हटलं, "हो ना. चालूच आहे."
मीसुद्धा!
ती गेल्यावर मिलमध्ये गेले. यांच्यासमोर उभी राहिले. समजले ते. इंजिनाकडेच पाहत म्हणाले, "बसकी मिल म्हणतील."
"म्हणू द्या."
"मीच म्हटलं होतं ना इश्वरले."
म्हणजे त्या चौघांनी नाही म्हटलंच नव्हतं. त्यांना विचारलंच नव्हतं. दहा-बारा दिवस मी कोणाला शिव्याशाप दिले? महालक्ष्म्यांसमोर बसले, पण डोळे वर करवेनात. तो तांदूळ तरी ठेवायचा होता.

२ सप्टेंबर
पूजा आटोपली. हे आंघोळीला गेलेले. मिलमध्ये गेले आणि इंजिन बंद केलं. सगळं एकदम चूप.
ओल्या अंगानं धावत आले. पुन्हा सुरू करायला वाकले, तोच फाटक वाजलं. जोरजोरानं.
"वहिनी! मिल काहून चूप झाली? केवळराम बरा हाये ना?"
बाबुलालभाऊ. पायात चपला नव्हत्या.