तुझ्या हिशेबातला गोल

आये, आज मुलुंडच्या बाजारात बोंबील घ्यायला गेलो होतो. विकणाऱ्या बाईने वाटे मांडले होते, अगदी तू मांडायचीस तसे, सगळी तोंडं एका बाजूला. तिने सांगितला त्या भावाने घेतले. तू असतीस तर म्हणाली असतीस, कोळ्याचा पोर आणि भाव करत नाय, लाज काढलीस. घरी येऊन पिशवी ओट्यावर ठेवली आणि लिहायला बसलो. तू जाऊन इतकी वर्षं झाली, आता काही दाटून वगैरे येत नाही. खरं सांगायचं तर तेव्हाही आलं नव्हतं. पण एक बोलणं आपल्यात अर्धवट राहिलंय, ते संपवावं म्हणतो. तुला वाचता येत नव्हतं, हे मात्र आत्ता चार ओळी लिहिल्यावर आठवलं.

तेव्हा मी अंधेरीच्या औषधाच्या कंपनीत टेंपररी होतो. कागदावर स्टोअरमध्ये, खरा फुटबॉलच्या टीममध्ये. सकाळी मस्टरवर सही करायची, जेवणाच्या सुट्टीनंतर मैदान गाठायचं. परमनंट करणं साहेबाच्या हातात, आणि साहेबाला फुटबॉलमधलं एकच कळायचं, गोल कोणी मारला. मी खेळायचो मध्ये. पेपरवाले लिंकमन लिहायचे. मागच्यांकडून चेंडू घ्यायचा, पुढच्यांना नेऊन द्यायचा आणि मधल्या वेळात नडगीवर लाथा खायच्या, एवढंच काम. संध्याकाळी दांड्याच्या कोळीवाड्यात घरी आलो की तू स्टोव्हपुढे बसलेली असायचीस. मागे न बघता विचारायचीस, "गोल?" मी म्हणायचो, "नाय." "मंग इतका वेळ केलंस काय?" "पास दिले." "म्हंजे वाटलंस सगल्यांना. मी पण बाजारात वाटतेच रे, पण पाटीत आपल्या कालवणापुरता ठेवते." मग आपण दोघं हसायचो आणि तू ताटात भात वाढायचीस. तुझी कंबर तेव्हाच गेली होती. उठताना भिंतीला हात लावायचीस. मी परमनंट झालो की तू पाटी उतरवायची, असं आपलं ठरलेलं होतं. ते रोज बोलायची गरज नव्हती.

कंपन्यांच्या स्पर्धेची फायनल अंधेरीतच होती. आदल्या दिवशी टीममध्ये कुजबुज झाली की यंदा एकालाच परमनंट करणार, एकतर मला, नाहीतर आमच्या सेंटर फॉरवर्डला. मी ते घरी येऊन सांगितलं आणि तू तशीच उठून देवळात गेलीस. माझ्या पोराच्या पायातनं एक गोल होऊ दे, असा नवस बोललीस. बदल्यात देवीला काय देणार, ते विचारलं तर म्हणालीस, "ते तिचं नि माजं." दुसऱ्या दिवशी बाजार अर्धा टाकून तू मैदानावर आलीस. पाटी उपडी टाकून तिच्यावर बसलीस. वासाने आजूबाजूचे लोक सरकले, तशी तू आणखी ऐसपैस बसलीस. मला लांबून सगळं दिसत होतं.

शेवटची काही मिनिटं उरली आहेत, बरोबरी आहे. चेंडू माझ्या पायात आहे. त्यांचा बॅक घसरून मागे पडलाय, गोलकीपर पुढे आलाय, त्याच्या उजव्या हाताला सगळी जागा मोकळी आहे. डावीकडून आमचा फॉरवर्ड ओरडतोय. मला मारता येतो, हे मला कळतंय. तू पाटीवरनं उठून उभी राहिलेली दिसतेस. आणि मी पास देतो. का दिला, ते आजही सांगता येत नाही. पायाला तेवढंच माहीत होतं म्हण. फॉरवर्डने नुसता पाय लावला, गोल झाला, आम्ही जिंकलो.

कपाबरोबर फोटो काढून मी दांड्याला आलो तर गल्लीच्या तोंडाशीच बायका म्हणाल्या, गोल मारलास ना, पेढे मिळाले हां आमाला. तू मैदानावरनं सरळ देवळात जाऊन नवस फेडून आली होतीस. माझं डोकंच फिरलं. "आये, गोल त्याने मारला. तुला दिसलं नाय का?"

"दिसलं. डोले फुटले नाय माजे."

"मग पेढे कसले वाटतेस?"

"जालं कोनी टाकलं? होडीवर जालं टाकनाऱ्याला वाटा नाय काय? वडनाऱ्याचीच सगली म्हावरी?"

"ही तुझी होडी नाय. नोकरी त्याला मिळणार आता, माझी वाट लागली. आणि लोक हसतात तुला, कळतंय का?"

तू माझ्याकडे बघितलंस. मग ताट पुढे सरकवलंस आणि म्हणालीस, "जेव." परत कधी "गोल?" असं विचारलं नाहीस.

नोकरी त्यालाच मिळाली. भला माणूस होता, पेढा पहिला मला दिला आणि मी तो खाल्ला. तू पाटी डोक्यावर घेऊन जातच राहिलीस. पुढच्या सीझनच्या आधी एक दिवस बाजारात बसल्या बसल्याच गेलीस. समोर वाटे मांडलेले होते. मी तिथे पोचलो तेव्हा शेजारच्या बाईने ते विकून टाकले होते, नाहीतर फुकट गेले असते. सगळं केलं मी, खांदा दिला, पाणी दिलं. पोर ढिम्म आहे, असं लोक बोलत होते. होतोच.

तुझं तेरावं झाल्यावर पहिल्याच मॅचमध्ये कॉर्नरवर गर्दीत चेंडू माझ्या नडगीला लागून आत गेला. माझा गोल. सगळे अंगावर पडले, कोणीतरी उचललं. मला काही वाटलं नाही. घरी आलो, स्टोव्ह पुसून ठेवलेला तसाच होता. मी त्याच्यासमोर उभा राहून, कोणी विचारलं नव्हतं तरी, "एक" म्हणालो आणि नाक्यावर जेवायला गेलो. वर्षाने परमनंटही झालो. गुडघा होता तोवर खेळलो, मग खरोखरचा स्टोअरमध्ये बसलो, रिटायर होईपर्यंत. माझ्याकडून परत गोल झाला नाही.

हे कुठे पाठवायचं नाही. बोंबील साफ करायचेत, ह्याच कागदात आतडी गुंडाळून टाकेन बहुतेक. तू देवीला काय दिलंस, ते मला अजून माहीत नाही. एवढंच सांगायचं होतं, की अजूनही कधी कोणी जुना माणूस रस्त्यात ओळखतो आणि विचारतो, एवढी वर्षं खेळलास, गोल किती मारलेस. मी दोन सांगतो.