शेंड्यावरच्या शेंगा

वाटूर, १४ डिसेंबर १९७६

मर रोगाच्या वावरात मुद्दाम पेरलेली आमची तूर सगळी वाळली, एकच झाड हिरवं राहिलं. रोगाला दाद न देणारं बी त्याच्याच शेंगांतून मिळायचं होतं. आज शेतमालकाच्या आईने उकडलेल्या शेंगा पुढे ठेवल्या. अर्धी ताटली संपल्यावर विचारलं, कुठल्या?

"त्याच हिरव्या झाडाच्या. तुमच्यासाठीच तोडल्या, साहेब."

चिडणार कुणावर? मी कधी सांगितलं होतं त्यांना? तसाच वावरात धावलो. शेंड्यावर मूठभर शेंगा शिल्लक! मागून आजी ओरडल्या, "तिथं माझा हात पुरला न्हाई!"

शेंड्याला रुमाल बांधून आलो. मूठभर बी पुरे आहे. चव तेवढी तपासायची राहिली होती. गोड आहे. अर्धी ताटली खाल्लीय मी.