तव्यावरचे प्लग

बाबा, तुम्ही गेलात तरी ठेकेदारांची गाडी अजून आपल्याच अंगणात उभी असते, तट्ट्याच्या मांडवाखाली, तुम्ही उभी करत होतात तिथंच. आज गोंडपिपरीच्या अलीकडच्या लाकडाच्या डेपोत आलो आहे. मालक, म्हणजे ठेकेदारच, आत माल पाहत आहेत आणि मी गाडीत बसून हे लिहितो आहे. खरं तर झोपायला हवं होतं. अलीकडे सकाळी गाडी लागेल की नाही, इंजिन सुरू होईल की नाही, या काळजीनं झोप लागत नाही, आणि लागली तरी थकवा जात नाही.

परवा मालकांनी नागपूरहून नवे प्लग आणले. पुडा माझ्या हातात देत म्हणाले, ‘आता एखाद्या सकाळी लागली नाई, तर विकून टाकतो इले. फिराले ट्रकवाला हाये माह्यापाशी. तू बांबू मोजजो.’ रागानं नाही म्हणाले, दमल्यासारखं म्हणाले, म्हणून जास्त खरं वाटलं. गाडी गेली तर माझं ड्रायव्हरचं काम जाईल हे आईला सांगितलं नाही. ती म्हणाली असती, तुझ्या बाबानं कधी बंद पडू देली नाई.

आतापर्यंत गाडीत तुमच्या वेळचेच जुने प्लग होते. थंडीत, दवात त्यांच्यावर ओल धरायची आणि ठिणगीच पडायची नाही. मला ती पहाट आत्ताही दिसते. आई चुलीपुढे बसली आहे. तुम्ही चारही प्लग काढून फडक्यात आणता आणि तव्याच्या कडेकडेनं मांडता, इंजिनात असतात त्याच क्रमानं. मध्ये भाकर. तुम्ही म्हणता, ‘हलवू नको वं.’ आई म्हणते, ‘अन् भाकर परतू का नको, तेही सांगून द्या.’ पेट्रोलचा वास घरभर होतो. शेजारची काकू कुडाजवळ येऊन विचारते, ‘काऊन वं बाई, तुमच्याकडं लोखंडाची भाजी असते काय?’ आई मान न वळवता सांगते, ‘हो, वाटी घेऊन ये.’ पहिल्या भाकरीला सर्वांत जास्त वास लागायचा, म्हणून ती तुम्ही घ्यायचे. ‘मले चालते,’ म्हणायचे. आम्हाला दुसरीपासून. मग गरम प्लग फडक्यात धरून तुम्ही लगबगीनं अंगणात जायचे, आणि हॅन्डल फिरवल्याबरोबर गाडी लागायची. आई आतूनच म्हणायची, ‘लागली.’

काल संध्याकाळी नवे प्लग बसवले. गाडीचं तोंड उजेडाकडे केलं, आधी प्लगांभोवतीची धूळ फुंकली, मग एकेक तार सोडून एकेक प्लग काढला, म्हणजे तारांची अदलाबदल होऊ नये. लोखंड कापायच्या करवतीचं पातं घालून प्रत्येकाची फट पाहिली, तुम्ही पाहायचे तशी. पाना हातात घेतला तेव्हा तुमचा तो आवाज ऐकू आला. मी पहिल्यांदा प्लग आवळताना जोर केला होता, तेव्हा तुम्ही माझ्या हातातून पाना ओढून घेतला होता. ‘हातानं फिरते तवरक हातानं. पाना शेवटी, जरासाक. आटे गेले तं मंग रडत बसजो.’ काल चारही तसेच बसवले. पण गाडी लावून पाहायची हिंमत झाली नाही. लागली नसती तर सगळी रात्र त्यातच गेली असती.

आज पहाटे आईनं हाक मारली, ‘प्लग आण ना रे बाबू, तवा तापून राह्यला.’

मी म्हणालो, ‘नवे हायेत, आई. यायले तापवा लागत नाई.’

तिनं तव्यावर भाकर टाकली होती, ती एका बाजूला सरकवलेली. कडेची जागा रिकामी ठेवली होती. मग म्हणाली, ‘बरं. नवे हायेत तं नवे.’ आणि भाकर मध्ये ओढली.

बाबा, नीट बसलेले प्लग पुन्हा काढायचे म्हणजे पुन्हा आट्यांची भीती, पुन्हा तारा, आणि मालक रस्त्यावर वाट पाहत असणार. यात काही बिघडलं तर काम जायचं. तरी मी गेलो आणि चारही काढून आणले. तिनं भाकर सरकवली. कोरे, पांढरे प्लग तव्याच्या कडेला मांडताना मला ते आपले वाटले नाहीत. ती मात्र राखेचा हात पदराला पुसून त्यांच्याकडे बघत बसली, जुन्यांकडे बघायची तशीच. गरम प्लग फडक्यात धरून पुन्हा बसवले. दोन आटे हातानं, मग पाना, जरासाक. हॅन्डल फिरवलं आणि गाडी लागली.

‘लागली,’ आई आतून म्हणाली. ‘तापवल्याबिगर लागते काय कधी.’

आता उद्याही काढावे लागतील, परवाही. आटे किती दिवस टिकतील कोण जाणे. मालकांना हे कळलं तर काय म्हणतील याचा विचार करायचंही त्राण नाही. हे पत्र घडी करून सीटखाली ठेवीन, पान्यांच्या पिशवीत.

निघताना आईनं पहिली भाकर माझ्या हातात दिली आणि विचारलं, ‘वास येते काय रे?’ मी एक घास खाल्ला आणि म्हणालो, ‘येते.’

नव्हता येत, बाबा.