विहिणीच्या घरची धूळ

रेल्वे क्वार्टर, वाशीम
दि. ३ नोव्हेंबर १९७४

ती. आजी व आबाजी यांना वच्छलाचा सविनय जय भीम. वि. वि.

इकडे सर्व खुशाल, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. खरे खुशाल एकटे हेच. मालगाडी उशाजवळून गेली तरी कूस बदलत नाहीत.

आधी गोड बातमी. नगरपालिकेच्या शाळेत मला मास्तरिणीची नोकरी लागली. दोन डिसेंबरला हजर व्हायचं, शाळा सकाळी सातची. आबाजी रात्रशाळेची पाटी घेऊन बसायचे आणि मी मांडीवर बसून त्यांची अक्षरं पुसायची, त्या पाटीचीच ही पुण्याई.

आता अडचण. आमचं क्वार्टर मालधक्क्याला लागून. ज्वारीची पोती उतरतात, कापसाच्या गाठी चढतात, वर इंजिनाचा कोळसा. पहाटे झाडून घेतलं तरी पहिल्या मालगाडीबरोबर घर पुन्हा होतं तसं. सासूबाईंना दमा, डॉक्टरांनी झाडूला हात लावायची बंदी केली आहे. मी शाळेत गेले की झाडू त्यांच्याच हातात जाणार. परवा एक खोली झाडून त्या दुपारपर्यंत दारात धापा टाकत बसल्या होत्या. ह्यांनी झाडावं म्हटलं तर त्या म्हणतात, पोराच्या हाती झाडू येऊ नये म्हणून त्याला शिकवलं, माझ्या डोळ्यांदेखत तो येणार नाही.

कारंज्याला ड्युटीवर असताना ह्यांनी एका दुकानात झाडायच्या दोन मशीन पाहिल्या. एक विजेची, वायरवाली, धूळ ओढून पोटातल्या पिशवीत घेणारी. दुसरी बिनवायरची, हातानं ढकलायची. ह्यांना वायरवालीचं वेड लागलंय. सासूबाई म्हणतात, मशीन घरात आली की मी घराबाहेर, आणि झाडणं जमत नसेल तर नोकरीचं नाव काढू नको. आजी, हातची नोकरी जाते की काय, असं वाटतंय. काहीतरी सुचव.

तुझी माया मागायला न लाजणारी,
वच्छला


मेडशी
दि. ८ नोव्हेंबर १९७४

चि. वच्छला हिस आजी गंगूचा अन आबाजीचा जय भीम अन पोटभर आशीर्वाद.

सांगणारी मी, लिहिणारा तुहा आबाजी. मी दहा गोष्टी बोलली का तो एक लिहिते. पत्र लहान वाटलं तं त्याले बोल लाव.

तू मास्तरीण झाली हे वाचून हा माणूस घडीघडी चश्मा पुसून राह्यला. डोळ्यात धूळ गेली म्हणे. आमच्या दारात कोणता मालधक्का हाय, ते मी त्याले विचारलं नाई.

नोकरी सोडाची गोष्ट पुन्हा कागदावर आणू नको. अन लिलाबाईवर रागावू बी नको. बाई वाईट नाई, हट्टी हाय. मी बी तशीच हाय, म्हणून तं सोयरीक जुळली.

जावईबापूले एक विचार. घरात बल्ब एक, त्याच्याच होल्डरातून रेडिओ. मशीनची वायर तठी लावली तं बल्ब काढा लागन, मंग अंधारात कचरा दिसन कोणाले? अन लाईन गेली का ती मशीन जावयासारखी बसून राहीन. राग नको म्हणा, गंमत केली.

बैल घ्याचा तं लोक दात पाहतेत, चालवून पाहतेत. मशीन घ्याची तं तिले कचरा चारून पाहा लागन. तुह्या आबाजीच्या बहिणीच्या घरी कारंज्याले चोवीस तारखेचं लग्न हाय. तठी दोघं जाऊन राह्यलो. पैसे जावईबापूचे, पारख माही. माहं माहेर कारंज्याजवळचं, त्या बाजारातल्या कचऱ्यातच मी वाढली. मले कचरा कोणी शिकवू नये.

पण माह्या घरचा कचरा कामाचा नाई. आमची जमीन शेणानं सारवलेली, तिचा कचरा वेगळा. तुह्या सासूच्या खाटेखालचाच कचरा पायजे. कोंडा, कापूस, कोळशाची भुकटी, जसा असन तसा पुडीत बांध अन एसटीच्या कंडक्टरपाशी दे. सासूले सांगू नको.

माया हाय तेवढी हाय, रोज झाडली तरी संपत नाई.

सांगणारी गंगू, हस्ते देवमन


वाशीम
दि. १७ नोव्हेंबर १९७४

विहीणबाई गंगूबाई यांसी लिलाबाईचा जय भीम. वि. वि.

हे पत्र तुमची नातच लिहून राह्यली. मी सांगन तसंच लिहाचं, एक शब्द गाळला तं शेजारच्या गार्डबाबूकडून वाचून घेईन, असं तिले बजावलं हाय.

काल मी स्टँडवर भाजी घेऊन राह्यली होती. तं एसटीचा कंडक्टर गाडीतूनच ओरडला का, मावशी, तुमची कचऱ्याची पुडी मेडशीले नीट पोचवली, चिमूटभर सांडू दिली नाई. आजूबाजूच्या बाया हातातली वांगी टाकून माह्याकडं पाहाले लागल्या. घरी येऊन सुनेले विचारलं. तिनं सारं सांगितलं.

लग्नात तुमी गाण्यातून माह्या नाकाले, चालीले, माह्या लाडवाले नावं ठेवली. विहिणीची थट्टा म्हणून मी बी हसली, तुमच्या वरणाले नावं ठेवून फिटंफाट केली. पण घरचा कचरा? तो बांधून दुसऱ्या गावाले?

तुमाले ठाऊक नसन म्हणून सांगून राह्यली. लहानपणी मायसंगं मी गावची चावडी झाडली, पाटलाचा ओटा झाडला. त्याची मजुरी म्हणजे वरून टाकलेली भाकर. छप्पन साली दीक्षा घेऊन घरी आलो, त्या दिवशी मायनं तो खराटा चुलीत घातला. तवापासून मी एकच घर झाडलं, माहं. कोणाच्या हुकमानं नाई, माह्या मर्जीनं. ते मशीनले कसं देऊ? अन ज्या पोराले त्या खराट्यापासून दूर ठेवलं, त्याच्या हाती कसं देऊ?

आता तुमी तो कचरा कारंज्याच्या बाजारात दाखवणार. मशीन ह्या घरात येणार नाई, अन सून शाळेत जाणार नाई. माहा दमा माह्यापाशी.

लोभ ठेवाचा का नाई, ते तुमचं उत्तर आल्यावर पाहीन.

लिलाबाई

(आजी, शेवटच्या ओळी सांगताना त्यांना इतकी धाप लागली की मीच पेन खाली ठेवला. — व.)


मेडशी
दि. २७ नोव्हेंबर १९७४

विहीणबाई लिलाबाई यांसी गंगूचा जय भीम. वि. वि.

पुडी तुमाले न विचारता मागवली, ते माहं चुकलं. सुनेचं नाई, माहं. तुमचा कचरा तुमाले परत द्याले पायजे, पण देता येत नाई. तो मशीनच्या पोटात गेला. कसा गेला ते ऐका, मंग पोटभर रागवा.

दुकानवाला उदयसिंग म्हणून हाय, मोठ्या मिशीचा. शिलाई मशीन, रेडिओ, असं सारं विकते. आमी दारात दिसलो तशी त्यानं खुर्ची पुढं केली. लिलाबाई, त्याच बाजारात मी परकरातली पोरगी असतांनी कापसाच्या गाड्यामागं झाडत जात होती. दुकानाच्या पायरीवर पाय ठेवला तं हाकलत होते. तठी खुर्ची! मी बसली. पाय जमिनीले पुरले नाईत, पण बसली.

मंग पुडी सोडली अन त्याच्या नव्या सतरंजीवर पसरून देली. उदयसिंगची मिशी अशी हालली का मले वाटलं आता हाकलते. त्यानं विचारलं, हे काय? मी म्हटलं, माह्या घरचा कचरा हाय, मशीनले आवडते का पाहू. तवा कारंज्यात बदनामी झाली ती माही झाली. तुमची कीर्ती शाबूत हाय.

पहिले त्यानं वायरवाली काढली. ती अशी बोंबलली का बाहेरचे बैल उधळले. तुमचे व्याही माह्या खुर्चीमागं उभे राह्यले. हे वाक्य ते लिहाले तयार नव्हते, म्हणून जेवण थांबवून लिहून घेतलं. ओढणं तिचं जोरदार, खोटं कायले सांगू. कोंडा गेला, कापूस गेला, अन मधातच लाईन गेली. मशीन चूप. उदयसिंग म्हणे, लाईन आता येईलच. मी विचारलं, तवापर्यंत माह्या विहिणीनं श्वास रोखून बसावं का?

मंग त्यानं बिनवायरची आणली. चपटा डबा, खाली चाकं, वर लांब दांडा. ढकलली का चाकासंगं आतला ब्रश फिरते अन कचरा डब्यात घेते. वाकाचं काम नाई, धुराळा नाई. मी नाकाले पदर न लावता बसली, ठसका म्हणून आला नाई. कोळशाची बारीक भुकटी मात्र ती जराशी मागं ठेवते. ती ओल्या फडक्यानं पुसून घ्याची.

आता मेन गोष्ट. ढकलत ढकलत उदयसिंग माह्या खुर्चीपाशी आला अन म्हणे, बाईजी, जरा पाय वर घ्या. मी घेतले. तो माह्या पायाखालून झाडून गेला. मी म्हटलं, पुन्हा. त्याले वाटलं, म्हातारी मोठी पारखी हाय. त्यानं पुन्हा झाडलं. पहिल्या वेळी झाडलं ते माह्या नावानं. दुसऱ्या वेळी झाडलं ते तुमच्या नावानं, लिलाबाई. तुमच्या मायच्या नावानं तिसऱ्या वेळी सांगणार होती, पण त्याले घाम फुटला होता, अन मले हसू आवरत नव्हतं. व्याही म्हणतेत, मी हसत नव्हती, रडत होती. त्याइले काय समजते.

तिथंच पसंत केली. उद्याच्या गाडीनं टपावर टाकून धाडते, त्याच कंडक्टरपाशी. नापसंत असन तं उदयसिंग परत घेते, तसं बोलून ठेवलं हाय. तुमच्या घरचं झाडणं तुमच्यापाशीच राहते. कवा झाडाचं, कोणता कोपरा राह्यला, हे तुमीच सांगाचं. पोराच्या हाती झाडू देणार नाई म्हणता, नका देऊ. ह्याले चाकं हाय, दांडा हाय. ही तं गाडी झाली. रेल्वेतल्या पोराच्या हाती गाडी द्याले लाज कायची?

लोभाचं लगेच ठरवू नका. पहिले मशीन चालवून पाहा.

गंगू, हस्ते उपाशी देवमन


वाशीम
दि. ५ डिसेंबर १९७४

ती. आजी व आबाजी यांना वच्छलाचा आनंदाचा जय भीम. वि. वि.

मशीन आली. कंडक्टरनं स्वतः उतरवून दारात आणून दिली आणि ह्या वेळी पुडी नाही का, म्हणून विचारलं. सासूबाईंनी त्याला पाणीही विचारलं नाही. मशीनवर पोतं टाकून ती कोपऱ्यात उभी केली. मी शाळेचा विषय काढला नाही, त्यांनीही काढला नाही.

तुझं पत्र मात्र त्यांनी माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतलं. पाय वर घेतल्याची जागा आली की म्हणत, थांब. मी थांबायची. मग म्हणत, वाच पुढं.

शनिवारी त्यांनी आपणच पोतं काढलं आणि ह्यांना म्हणाल्या, चाकं जाम तर झाली नाहीत ना, बघ जरा. तेवढंच हवं होतं. ह्यांनी चाकांना तेल दिलं, दांड्याचे स्क्रू आवळले आणि गाडी सोडली. दारातून निघून स्वयंपाकघरापर्यंत एक फेरी, वळणावर तोंडानं शिट्टी. शेजारचे गार्डबाबू चहाचा कप घेऊन दारात उभे राहिले आणि मला एक फेरी द्या म्हणाले.

सासूबाई खाटेवर बसल्या होत्या. हे खाटेपाशी आले, तसे त्यांनी पाय वर घेतले. कुणी सांगितलं नव्हतं. हे खाटेखालून झाडून गेले. त्या बराच वेळ तशाच बसल्या, पाय वर घेऊन. मग मला म्हणाल्या, विहीणबाईले लिही, तिसऱ्या वेळचं राहिलं होतं ना, ते इथं झालं. माह्या मायच्या नावानं.

सोमवारी मी शाळेत हजर झाले. निघताना सासूबाईंनी डबा हातात दिला आणि एवढंच म्हणाल्या, पोरांना जोरात शिकव, मागच्यालाही ऐकू गेलं पाहिजे.

आता तक्रार एकच. हे ड्युटीवरून आले की झाडलेलं घर पुन्हा झाडतात. सासूबाई खाटेवरून कोपरे दाखवतात. तुझ्यासाठी त्यांचा निरोप असा की लोभ पहिल्यासारखाच आहे, पण तुमच्या वरणाबद्दल जे म्हटलं ते मागं घेणार नाही.

मायेची थकबाकी कधीच न फिटो, हीच इच्छा.

तुझी मास्तरीण


मेडशी
दि. ११ डिसेंबर १९७४

चि. वच्छला, जावईबापू अन लिलाबाई यांसी जय भीम.

पत्र आलं, वाचून घेतलं, पुन्हा वाचून घेतलं. वरणाचं लिलाबाईले म्हणा, एकदा मेडशीले येऊन खा, मंग ठरवू.

तुमची मशीन आमच्या कामाची नाई. सारवलेल्या जमिनीवर कचऱ्यासंगं सारवणही खाऊन टाकन. म्हणून ह्या घरासाठी मी बिनवायरची दुसरीच पसंत केली. जुनी हाय, चश्मा लावते. लाईन गेली तरी चालते, पण सुरू व्हाले भल्ली वेळ लावते. आजवर तिनं नुसतं लिहिलं. हे पत्र पुरं झालं का अंगणात चालवून पाहाची हाय. नावं ठेवाले मी ओट्यावर बसलीच हाय.

तुमी सारे हसत राहा, अन त्यातलं थोडं इकडं पाठवत जा. ह्या वेळी पुडीत बांधून पाठवलं तरी चालते.

सांगणारी गंगू

ता. क. — अंगण झाडलं. ओट्यापाशी गेलो तशी तिनं पाय वर घेतले अन म्हणे, पुन्हा. पुन्हा झाडलं. तरी एक कोपरा राह्यला म्हणते, म्हणून इथंच थांबतो.
देवमन